'लाइटवाला आधी नाईट विचारतो म्हणून प्रायोगिक नाटक मरतंय', हे खरं नाहीये

नाटकवाल्यांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक पोस्ट फिरतीये. म्हणणं असं की पूर्वी लोक कलेच्या प्रेमापोटी काम करायचे, आता लाइटवाला म्युझिकवाला संहिता वाचायच्या आधी 'नाईट किती', म्हणजे एका प्रयोगाचे पैसे किती, असं विचारतात, जाणकारांनी हौशी ग्रुपना फुकट मदत करावी आणि मित्रामित्रांत लेखी करार म्हणजे अविश्वास. मी सतरा वर्षं लाइट्स करतोय, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

पहिलं, पूर्वी पैशाचा विषयच नव्हता हे सपशेल चूक. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली ती बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे अशा तिघांच्या भागीदारीत, आणि त्या काळच्या कंपन्यांत नटांना पगार असायचे. पोस्टखाली लगेच कुणीतरी फुकट कामाचा दाखला म्हणून संयुक्त मानापमान, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला 'मानापमान'चा प्रयोग, काढलंच. हो, ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी म्हणून एकत्र उभे राहिले, पण उत्पन्न स्वातंत्र्य चळवळीच्या टिळक स्वराज्य फंडाला जाणार हे आधीच जाहीर होतं आणि दोन्ही कंपन्यांच्या मालकांनी ते स्वतः ठरवलं होतं. दुसऱ्याच्या खिशातून त्याग करायला लावणं म्हणजे ते नव्हे हो.

फुकट काम करून घेणारे म्हणतात, 'नाव होतं ना, ओळखी वाढतात.' एका ग्रुपसाठी मैत्रीखातर मी असंच फुकट काम केलं. सकाळी सातला शिडीवर चढून फोकसिंग म्हणजे लाइट्सची दिशा लावणं, दुपारी टेक म्हणजे लाइट-साउंडसकट तालीम, रात्री प्रयोग, तिकीट दोनशे रुपये आणि हॉल भरलेला. ब्रोशरवर माझं नाव नाही. पुढचे अकरा प्रयोग माझीच क्यू शीट, म्हणजे कुठला लाइट कधी बदलायचा याचा कागद, वापरून झाले, मला कळवलंसुद्धा नाही, आणि साउंड ऑपरेट करणारा पोरगा बारा प्रयोग स्वतःच्या पैशाने रिक्षा करून येत होता हे मला नंतर त्याच्याकडूनच समजलं. तेव्हा एक साधा कागद केला असता तर आज त्या दिग्दर्शकाशी बोलणं तरी राहिलं असतं, म्हणून करार म्हणजे अविश्वास हे मला अजिबात पटत नाही.

आणि हौशी ग्रुपला लेखकाची परवानगीच लागत नाही असंही त्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी संस्थेला सूट आहे, पण प्रेक्षकांकडून पैसे घेत नसाल तर किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर. तिकीट लावलं की लेखकाला विचारायचं, मानधन ठरवायचं.

ज्ञान वाटावं हे मात्र शंभर टक्के मान्य. एकांकिकांच्या सीझनला कॉलेजची पोरं माझ्याकडे येतात, लाइटपुढे जेल (रंगीत कागद) कुठली लावायची, चेहऱ्यावर सावली का पडते, क्यू कसा लिहायचा, सगळं सांगतो, जुन्या शीट्सही देतो, एक पैसा घेत नाही. पण शिकवणं वेगळं आणि तुमच्या तिकीट लावलेल्या प्रयोगाला राबणं वेगळं.

राहिलं 'पैसेच नसतात'. नसतात, खरंय. मग वाटा ठरवा ना! एका ग्रुपबरोबर आम्ही तसंच करतो, बुकिंगमधून आधी थिएटरचं भाडं आणि टेम्पो, उरेल त्यात नटांपासून बॅकस्टेजपर्यंत प्रत्येकाचा आधी ठरलेला हिस्सा, आणि वही मेकअप रूममध्ये उघडी ठेवलेली असते, कुणीही बघा. गेल्या पावसाळ्यात एका प्रयोगाचे माझ्या वाट्याला एकशे चाळीस रुपये आले. ते घेतले, सही केली आणि पुढच्या प्रयोगाची तारीख डायरीत लिहून घेतली.