‘कढीपत्त्याला ग्रीनिंग होतच नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘टेक्ससहून कढीपत्त्याची रोपं पोस्टाने पाठवू नका’ या माझ्या लेखावर काल एक प्रतिक्रिया आली. ‘ग्रीनिंग’ हा संत्र्या-लिंबाच्या झाडांना होणारा जिवाणूचा रोग, आणि तो पसरवणारी कीड अशा रोपांबरोबर जाते, असं मी त्यात लिहिलं होतं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देते:

‘कढीपत्त्याला ग्रीनिंग होतच नाही, एवढं साधं माहीत नसेल तर लोकांना घाबरवायचा उद्योग बंद करा. पानं धुऊन पाठवली की झालं. पोस्टवाले पाकीट उघडत नाहीत. आणि न्यू जर्सीत लिंबाच्या बागा आहेत तरी कुठे? उगाच कायद्याचं ज्ञान पाजळू नका.’

माझं चुकलं असेल तर ते सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्यात ‘उद्योग’ आणि ‘ज्ञान पाजळणं’ कशासाठी आलं, ते मला खरंच कळलं नाही. नर्सरीतली रोपं तपासण्याचं काम मी अकरा वर्षं करते आहे. पालवीचे शेंडे भिंगाखाली धरणं हा माझा रोजचा दिवस आहे. अनोळखी माणसाशी बोलताना मी ही भाषा वापरत नाही, तुम्हीही वापरू नये.

एक चूक मात्र मान्य करते. ‘रोप पोस्टात टाकलं की गुन्हा’ असं मी सरसकट लिहिलं होतं. अमेरिकेच्या फौजदारी संहितेत, १८व्या शीर्षकाच्या १७१६बी कलमात, ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे. शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. तो शब्द मूळ लेखात आता घातला आहे. लेख वाचून झाल्यावर पाठवणाऱ्याला तो शब्द फारसा उपयोगी पडणार नाही, कारण मग तो जाणूनबुजूनच पाठवत असतो, हेही तुमच्या लक्षात आलं असेल.

आता तुमचं पहिलं वाक्य. कढीपत्त्याला ग्रीनिंग होत नाही हे मला माहीत आहे, आणि मी तसं कुठेही लिहिलेलं नाही. मी लिहिलं होतं ते सिट्रस सिला या किडीबद्दल. ग्रीनिंगचा जिवाणू हीच कीड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, आणि कढीपत्ता तिच्या आवडीच्या झाडांपैकी आहे. झाड निरोगी असतं, पण त्यावर बसलेला किडा आदल्या आठवड्यात शेजारच्या आजारी संत्र्यावर रस शोषत होता की नाही, हे झाडाकडे बघून कळत नाही. जिवाणू एकदा अंगात गेला की किडा तो सहसा मरेपर्यंत वाहतो. म्हणूनच क्वारंटाइनच्या, म्हणजे कीड पसरू नये म्हणून ज्यांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत अशा वस्तूंच्या, यादीत कढीपत्त्याची पानं आणि रोपं आहेत. कढीपत्त्याला स्वतःला ग्रीनिंग होत नाही, हे यादी करणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही.

२००९ साली कॅलिफोर्नियात फ्रेस्नो इथे प्रशिक्षित कुत्र्याने भारतातून आलेलं एक पार्सल हेरलं. आत कढीपत्ता होता, पानांवर सिला होता, आणि त्या किड्यांच्या तपासणीत ग्रीनिंगचा जिवाणू सापडला. तोवर कॅलिफोर्नियात एकही आजारी झाड सापडलेलं नव्हतं. पहिलं सापडलं २०१२ मध्ये, लॉस एंजेलिस काउंटीत हॅसिएंडा हाइट्समधल्या एका घराच्या आवारात. फ्लोरिडात कीड १९९८ मध्ये दिसली आणि रोग २००५ मध्ये. तिथलं संत्र्याचं उत्पादन २००३-०४ च्या हंगामात २४ कोटी पेट्यांच्या वर होतं, २०२२-२३ मध्ये ते २ कोटींच्याही खाली आलं. त्यात वादळांचाही वाटा आहे, पण मोठा घाव या रोगाचा. रोग लागलेलं झाड बरं होत नाही. लक्षणं दिसायला महिने, कधी वर्षंही जातात, आणि तेवढ्या काळात त्या झाडावरून कीड पुढे जात राहते.

धुण्याबद्दल. मादी अंडी घालते ती अजून न उलगडलेल्या कोवळ्या पानांच्या घडीत. बदामाच्या आकाराचं, पिवळट-नारिंगी अंडं, लांबी साधारण ०.३ मिलिमीटर. नळाचं पाणी त्या घडीत शिरत नाही, आणि अंडं देठाने पानात रुतलेलं असतं. त्यात आपल्याकडे पाठवायची रीत म्हणजे ओल्या पेपर टॉवेलमध्ये मुळं गुंडाळायची आणि झिपलॉक पिशवीत घालायची. जो ओलावा रोप जगवतो, तोच अंडी आणि पिल्लंही जगवतो. तीन दिवसांच्या प्रवासात त्यांचं काहीही बिघडत नाही. मुळाशी आलेला फुटवा काढून पाठवतात, तेव्हा त्याच्या टोकाला नेमकी हीच कोवळी पालवी असते.

पाकीट उघडत नाहीत, हा मुद्दा मी सोडून देते. पकडले जाणार नाही म्हणून करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. इतकंच सांगते की काही राज्यांत रोपांच्या टपालाची पोचण्याच्या ठिकाणी तपासणी होते, आणि अशा पार्सलवर आत काय आहे ते बाहेरून स्पष्ट लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. न लिहिणं हे दुसरं उल्लंघन.

न्यू जर्सीचं विचारलंत. कायदेशीर वाट आहे आणि ती तुमच्याच मुद्द्यावर आधारलेली आहे: लिंबूवर्गीय पिकं नसलेल्या राज्यात रोप जाऊ शकतं, पण मर्यादित परवान्यावर. त्यासाठी नर्सरीचा कृषी खात्याशी करार लागतो. पाठवण्याच्या आधी किमान ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवस मुळाशी मान्यताप्राप्त कीटकनाशकाची आळवणी (औषध पाण्यातून मातीत ओतणं), मग शेवटच्या १० दिवसांत पानांवर फवारणी, त्यानंतर निरीक्षकाची तपासणी, आणि कोणत्या राज्यांत नेता येणार नाही ते छापलेलं लेबल. घरच्या कुंडीतल्या फुटव्याला यातलं काहीच झालेलं नसतं. लेबल नसलेलं ते रोप पुढल्या उन्हाळ्यात कोणी गाडीतून कॅलिफोर्नियाला नेलं, तर ते टेक्ससचं आहे हे सांगणारं काही उरत नाही. आणि मुळाशी ते औषध घातलेल्या रोपाची पानं लगेच फोडणीला वापरायची नसतात, लेबलवरची मुदत बघायची.

ज्याला रोप हवं आहे त्याने स्वतःच्या राज्यातल्या परवानाधारक नर्सरीतून घ्यावं आणि परवान्याचं लेबल मागून बघावं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर एक करा. धुतलेल्या फुटव्याचा शेंडा घ्या, टोकाची न उलगडलेली पानं सुईने हळूच वेगळी करा, दहापट भिंगाखाली फोटो काढा आणि तो इथे लावा.