रोड बाईकवर हात बधिर, सीट टणक, दोन पंक्चर: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून घेतलेल्या रोड बाईकबद्दलचा तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तक्रारी चार आहेत: सीट दगडासारखी टणक आहे, अर्ध्या तासात तळहात बधिर होतात, महिन्याभरात दोनदा पंक्चर झालं आणि मागचा गिअर टकटक वाजतो. शिवाय आमच्या दुकानात विचारायला आलात तेव्हा "सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं, आणि नवशिक्याला रोड बाईकऐवजी हायब्रिड, म्हणजे सपाट हँडलची सायकल, द्यायला हवी होती, असंही तुम्ही म्हटलंय. पहिली रोड बाईक घेणाऱ्या बहुतेकांना यातलं काही ना काही सोसावं लागतं, म्हणून सविस्तर उत्तर इथेच देतो.

आधी बधिरपणा. "सवय होईल" हे बैठकीच्या हाडांच्या दुखण्यापुरतं खरं आहे. एक दिवसाआड थोडं थोडं चालवलं की ते दुखणं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. मुंग्या आणि बधिरपणा यांची मात्र सवय करून घ्यायची नसते, मग ते हातात असोत की जांघेत. तिथे नस दाबली जात असते आणि सायकलची मापं बदलल्याशिवाय ती मोकळी होत नाही.

रिव्ह्यूतल्या तुमच्या पहिल्याच फोटोत कारण दिसतं. सीटचं टोक चांगलंच खाली झुकवलंय आणि वर जेलचं कव्हर चढवलंय. पुढून दाब येत होता म्हणून टोक खाली केलं असणार. पण सीट उतरती झाली की शरीर सतत पुढे घसरतं आणि ते मागे ढकलायचं काम हातांवर येतं. कोपरं ताठ होतात आणि तळहाताचा करंगळीकडचा भाग हूडवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी आवरणावर) दाबला जातो. तिथूनच करंगळी आणि अनामिकेची नस जाते, आणि नेमकी तीच दोन बोटं बधिर होतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे सीटवर केलेला उपाय हातांना भोवतोय. जेल कव्हरही काढून टाका. त्यात हाडं रुततात, मधला मऊ भाग वर दाबला जातो आणि कव्हर सरकून मांड्या घासतात ते वेगळंच. सीट बसताक्षणी मऊ लागण्यापेक्षा तिची रुंदी आपल्या बैठकीच्या हाडांना जुळणं महत्त्वाचं आहे. आतून पॅड असलेली सायकलिंगची शॉर्ट वापरा आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका, कारण शिवण तिथेच रुतते.

आता दुरुस्ती. यात क्रम पाळाच: आधी सीटची उंची, मग पुढे-मागे, मग कल, आणि हँडल सगळ्यात शेवटी. बरेच जण हँडलपासून सुरुवात करतात आणि मग प्रत्येक माप दुसऱ्याला बिघडवत जातं.

उंचीसाठी अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये वर घट्ट धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे क्रँक (पेडल लावलेला दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, सीटच्या नळीला धरून मोजलेलं. ८० सेमी आलं तर सीट ७०.६ सेमीवर. हा आकडा सुरुवातीपुरता आहे. पडताळण्यासाठी ट्रेनरवर (सायकल जागीच धरून ठेवणाऱ्या स्टँडवर) किंवा भिंतीचा आधार घेऊन बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. चालवताना कंबर डावी-उजवी डोलत असेल किंवा गुडघ्याची मागची बाजू दुखत असेल, तर सीट उंच आहे. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा खाली आहे. एका वेळी ३ ते ५ मिमी इतकाच बदल करा, सीटपोस्टवर (सीट बसवलेल्या दांड्यावर) चिकटपट्टीची खूण ठेवा आणि दोन-तीन राईडनंतरच पुढचा निर्णय घ्या.

पुढे-मागे जुळवताना क्रँक जमिनीला समांतर ठेवा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसाच्या आसपास यायला हवा. हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ओढू नका, त्यानेही हातांवरचा भार वाढतो. मग कल. सायकल सपाट जागी उभी करून सीटवर पट्टी ठेवा, तिच्यावर मोबाईलमधलं लेव्हल ठेवा आणि सीट शून्यावर आणा. फार तर एक-दोन अंश खाली चालेल. तुमच्या फोटोतली सीट त्यापेक्षा बरीच जास्त झुकलेली आहे.

हे सगळं करून आठवडाभर चालवा. मग ट्रेनरवर मध्यम जोर लावत असताना हात हूडवरून इंचभर उचलून बघा. लगेच पुढे कोसळायला होत नसेल तर तोल जमला. तरीही हँडल दूर वाटलं तर स्टेमखालची (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याखालची) रिंग वर-खाली करता येते किंवा १० मिमी आखूड स्टेम लावता येतो. ते काम दुकानात करून घ्या. आवळताना आधी वरची टोपी, मग बाजूचे बोल्ट असा क्रम असतो, आणि बोल्ट स्टेमवर छापलेल्या टॉर्कपर्यंतच (पिळण्याच्या जोरापर्यंतच) आवळायचे असतात, साधारण ५ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने आवळलेला स्टेम एक तर फिरतो किंवा चिरतो.

चालवताना कोपरं किंचित वाकलेली ठेवा आणि पाच-दहा मिनिटांनी पकड बदला: कधी वरची आडवी दांडी, कधी हूड, कधी ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग). उतारावर हूडवरून ब्रेक कमी लागतोय असं वाटलं तर ड्रॉप्समध्ये उतरा. तिथून बोटं लिव्हरच्या टोकाजवळ पडतात आणि तेवढ्याच जोरात ब्रेक जास्त लागतो.

पंक्चरचं कारण तुमच्या दुसऱ्या फोटोत आहे. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा आहेत, सापाने दात मारल्यासारख्या. काचेने किंवा काट्याने बाहेरच्या बाजूला सहसा एकच भोक पडतं. जोडीने चिरा पडतात त्या हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिमच्या दोन काठांमध्ये चिमटली गेली की. अंगठ्याने दाबून बघता असं तुम्ही लिहिलंय, पण या टायरला ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) आणि ७० पीएसआय अंगठ्याखाली सारखेच कडक लागतात. गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला उभा पंप घ्या. तुमच्या २८ मिमी टायरसाठी ७० किलोच्या आसपास वजन असेल तर पुढे ६५ ते ७०, मागे ७० ते ७५ पीएसआय ठेवा. वजन जास्त असेल तर थोडं वाढवा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. बारीक व्हॉल्व्हचं टोक आधी सैल करा, एकदा दाबून फुस्स आवाज येऊ द्या आणि मगच पंप लावा. आठवड्यात ५-१० पीएसआय आपोआप उतरतात, तेव्हा दर मोठ्या राईडआधी हवा बघाच. नवी ट्यूब घालताना तिच्यात आधी थोडी हवा भरा, टायर चढवणं व्हॉल्व्हपाशी संपवा आणि पूर्ण हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बघा, म्हणजे ट्यूब टायरच्या काठाखाली अडकणार नाही.

टकटक ही नव्या केबलची आहे. केबल ताणली जाते असं म्हणतात, पण मुख्यतः तिचं बाहेरचं आवरण आणि टोकाच्या टोप्या पहिल्या काही राईडमध्ये दाबून बसतात आणि ताण सैल होतो. म्हणूनच महिन्याची पहिली सर्व्हिसिंग आम्ही विक्रीतच धरतो आणि ती तुमची अजून बाकी आहे. तोवर घरी एवढं करता येईल: मागचं चाक उचला, चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा आणि पेडल फिरवत गिअरच्या लिव्हरला एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चक्रावर चढायला कुरकुरली तर मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) केबल जिथे शिरते तिथला गोल नट मागून बघत घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा आणि पुन्हा तपासा. चढते पण उतरायला अडते, तर उलट फिरवा. एच आणि एल लिहिलेले स्क्रू हलवू नका. एल चुकला तर चेन मोठ्या चक्रावरून थेट स्पोकमध्ये जाते. सायकल कधी उजव्या अंगावर पडली असेल तर तसं सांगा, कारण डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलेला असेल तर नट कितीही फिरवून आवाज जात नाही.

एक आवाज मात्र बिघाडाचा नसतो. पुढे ५० आणि मागे ३२ दात असं लावलं की चेन तिरकी पडते आणि घासते. तिथे पुढे ३४ दातांच्या चक्रावर उतरून मागे २२ घ्या. गुणोत्तर जवळजवळ तेच राहतं, १.५६ च्या जागी १.५५, आणि चेन सरळ पळते. गिअर चढ सुरू होण्याआधी बदला, बदलताना पायाचा जोर क्षणभर कमी करा.

राहिली हायब्रिड. रोज पाच-सात किलोमीटर, सामान, सारखे सिग्नल असा वापर असता तर आम्हीही तीच सुचवली असती. पण तुम्हाला सुट्टीच्या दिवशी ४०-५० किलोमीटर जायचंय. सपाट हँडलवर हात ठेवायला जवळजवळ एकच जागा असते आणि लांबच्या अंतराला तिथेही बोटं बधिर होतात. त्यामुळे आमचं मत बदललेलं नाही. मापं जुळवून महिनाभर चालवल्यावरही बधिरपणा राहिला, तर फ्रेमचाच आकार पुन्हा तपासून बघू.

सर्व्हिसिंगला येताना फाटलेल्या दोन्ही ट्यूब आणा, चालवताना घालता ते बूट आणि शॉर्ट आणा, आणि तोवर सीट स्वतः बदलली नसेल तर ती आहे तशीच ठेवा. किती झुकली आहे ते मोजून मगच बदलू. सकाळी आलात तर बरं, मापं घ्यायला निदान तासभर लागेल.