‘नसते चोचले’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. उघडलेली शेरी, पोर्ट वगैरे वाइन घरी कशी ठेवावी, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘फोर्टिफाइड वाइनमध्ये वरून स्पिरिट घालतात ते टिकावी म्हणूनच. मग फ्रीज कशाला? नसते चोचले. आमच्याकडे उघडलेली पोर्ट वर्षभर कपाटात असते, काही होत नाही. लिहिण्यापूर्वी थोडा अभ्यास करावा.’ त्यापुढे तापमान, बाटली उभी की आडवी आणि हवा उपसायचा पंप, असे आणखी तीन मुद्दे.

मतभेदाचं काही नाही हो. पण ‘अभ्यास करावा’ हे सांगायची ही काय पद्धत? सोळा वर्षं मी प्रत्येक उघडलेल्या बाटलीच्या गळ्याला तारखेची चिठ्ठी बांधतोय. घरचे हसतात, हसू देत. पहिली चिठ्ठी बांधली ती एका फिनो शेरीने तोंडघशी पाडल्यावर. अर्धी उरली होती. ‘स्पिरिट आहे की, काय होतंय’ म्हणत कपाटात ठेवली, म्हणजे अगदी तुमचाच तर्क. महिन्याने पाहुण्यांसमोर ओतली तर रंग काळवंडलेला आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. सगळी मोरीत गेली. याला तुम्ही अभ्यास म्हणणार नसाल तर राहिलं.

आता ते ‘टिकावी म्हणूनच’. यातला ‘च’ मला सर्वांत जास्त खटकला. पोर्ट करताना आंबण्याची क्रिया अर्ध्यावर असतानाच सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, त्याने यीस्ट मरतं आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते. पोर्टचा गोडवा तिथून येतो. स्पिरिटने वाइन टिकायलाही मदत होते, नाही कोण म्हणतंय? पण ते आवरतं जंतूंना. हवेला नाही. बूच निघालं की ऑक्सिजन आत शिरतो, बाटली जितकी रिकामी तितका जास्त.

फिनोचं तर आयुष्यच हवेपासून लपण्यात जातं. पिंपात तिच्यावर यीस्टची साय असते, तिला फ्लोर म्हणतात. ती हवा अडवते. बाटलीत ही साय नसते. म्हणून १५ टक्के अल्कोहोल असूनही उघडल्यावर फ्रीज आणि आठवडाभरात संपवणं, एवढंच हातात उरतं. ओलोरोसो हीही शेरीच, पण पिंपातच हवा खाऊन मुरलेली, ती काही आठवडे तग धरते. आणि मदैरा ही फोर्टिफाइड वाइन (आपल्या ‘मदिरे’शी नातं जोडायचा मोह मलाही होतो, पण ते एका बेटाचं नाव आहे) करतानाच तापवलेली असते, काही प्रकार तर ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने. तिला आता उघड्या बाटलीचं काय भय? कित्येक महिने राहते. तुम्ही मदैराबद्दल लिहिलं असतंत तर मी मुकाट्याने मान डोलावली असती.

एक चूक कबूल. ‘सगळ्या बाटल्या उभ्या ठेवा’ हे मी सरसकट लिहिलं. न उघडलेली विंटेज पोर्ट (एकाच वर्षीच्या द्राक्षांची, बाटलीत मुरणारी) वर्षानुवर्षं ठेवायची तर आडवीच हवी, नाहीतर लांब बूच सुकतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. तापमान आणि पंपाबद्दल मूळ लेखात आहे, तो शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

राहिली तुमची वर्षभराची पोर्ट. कुठली, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. टॉनी प्रकारची पोर्ट लाकडात हवेशी ओळख करून आलेली असते, महिना-दोन महिने बरी राहते. रुबी दोन-चार आठवडे. विंटेज दोन-तीन दिवस. ‘काही होत नाही’ म्हणजे पिऊन पोट बिघडत नाही, एवढंच म्हणायचं असेल तर वादच नाही, बिघडणार नाहीच. मी चवीबद्दल लिहीत होतो. त्याच पोर्टची नवी बाटली उघडा, दोन पेले शेजारी ठेवा, आणि कुठला कुठल्या बाटलीतला हे न बघता सांगून दाखवा. लेबलावर काय लिहिलंय तेही कळवा.