मालक तो, कूळ मी

मला ‘अंकल’ आणि भाईंना ‘सर’. हे मला अजून पचलेलं नाही.

झालं एवढंच की आमच्या पतसंस्थेच्या म्हापसा शाखेतली वसुलीची एक्सेल फाइल उघडेना. पणजीच्या मुख्य कचेरीतला सिस्टीमवाला पोरगा फोनवर म्हणाला, “फाइलीचा पाथ, म्हणजे पूर्ण पत्ता पाठवा, बॅकअपमधून काढून देतो.”

“डेस्कटॉपवर आहे,” मी म्हटलं. समोर दिसतेय, यापेक्षा आणखी काय सांगायचं?

“डेस्कटॉप म्हणजे कुठे, अंकल?”

त्यात शुक्रवार. बाजार करून पिशव्यांसकट आलेली माणसं काउंटरला टेकून उभी. पहिल्या खुर्चीत भाई. सर्व्हे खात्यातून निवृत्त, कर्ज फिटल्याचा दाखला न्यायला आलेले. हरमलच्या मिरच्यांची पिशवी त्यांनी थेट माझ्या कीबोर्डाजवळ ठेवली होती आणि मी शिंकत होतो.

पोरगा सांगत होता तसं वरच्या पट्टीतल्या मोकळ्या जागेवर क्लिक केलं, तर तिथलं साधंसुधं ‘डेस्कटॉप’ जाऊन लांबलचक मजकूर उमटला. मी वाचायला लागलो, “सी, कोलन, बॅकस्लॅश...”

“राव रे मात्सो, थांब जरा.” भाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि मान काउंटरच्या आत घातली. “सी म्हणजे तालुका. मग ए आणि बी खंय गेले?”

“ते फ्लॉपीसाठी होते, भाई. फ्लॉपी गेल्या, अक्षरं तशीच राहिली.”

“मालक नाही, वारस नाही, जागा रिकामी! अरे, कोणी तरी गिळील हां. आणि ही रेघ उलटी कित्याक?”

आता हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं सांगायचा मोह मला आवरत नाही. 1983 साली विंडोजच्या आधीच्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण तिरपी रेघ त्याआधीच आज्ञेपुढे पर्याय जोडायला वापरात होती. म्हणून फोल्डरांच्या वाट्याला उलटी रेघ आली.

“म्हणजे सरळ हद्द दुसऱ्याने आधीच धरलेली. तुझं कुंपण वाकडं. फुडें वाच.”

पुढे ‘युझर्स’, आणि त्यानंतर या खुर्चीत माझ्याआधी बसणाऱ्या गृहस्थांचं नाव. ते बदली होऊन फोंड्याला गेले त्यालाही बराच काळ लोटला.

“हो कोण?” भाईंनी स्क्रीनवर बोट टेकवलं. तिथे त्या बोटाचा ठसा अजून आहे.

“आधीचे. लॉगिनला माझंच नाव येतं हो. पण आतल्या फोल्डरला पहिल्या दिवशी पडलं तेच नाव राहतं. खात्याचं नाव बदललं म्हणून ते बदलत नाही.”

भाईंचा चेहरा असा उजळला की निवृत्तीनंतर प्रथमच कोणी तरी कामाचं बोललं असावं. “म्हणजे म्युटेशनच झालं नाही, नावाचा फेरफारच नाही! एक-चौदाच्या उताऱ्यावर, आपल्या गोव्याच्या सातबाऱ्यावर, नाव त्याचं, नांगर तुझा. मालक तो, तू कूळ!” रांगेतली माणसं हसली. पिग्मीवाला तर जरा जास्तच हसला. त्याचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नव्हता.

खरं तर अशा रेघांचं आम्हां गोंयकारांना नवल नाही. वडिलार्जित घराचे हिस्से पडत गेले की पंचायतीच्या नंबरालाही शेपूट फुटत जातं. 112, मग 112/1, मग 112/1/अ. पोस्टमन त्यातलं काहीच बघत नाही, वडाखालचं घर म्हणून पत्र टाकतो. पण निदान नंबराचा पत्रा दारावर ठोकलेला असतो. इथे पत्रा दाराआड! वर ‘डेस्कटॉप’ एवढंच सोज्वळ नाव, आणि आत बघावं तर नावानंतर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन कोठार, त्याच्या पोटात डेस्कटॉप. हे स्थलांतर कधी झालं? कोणी केलं? मला एका शब्दाने विचारलं? हार्डडिस्कवरच्या सगळ्या वस्तूंचा खरा पत्ता त्या यंत्राला पाठ असतो, आणि मी विचारला की ते लाजतं.

“टाइप करू नका, अंकल, चुकेल. शिफ्ट दाबून फाइलीवर राइट क्लिक, मग ‘कॉपी ॲज पाथ’.”

शिफ्ट दाबल्याशिवाय ती ओळ दिसतच नाही. विंडोज 11 मध्ये ती उघड्यावर आणलीय म्हणतात, पण आमच्या शाखेला अजून 10 च आहे. एका हाताने शिफ्ट, दुसऱ्या हाताने माउस, फोन मानेत, आणि समोर हरमलची मिरची. नेमक्या वेळी शिंक आली, बोट सुटलं, मेन्यू बंद. पुन्हा तेच. पलीकडे मोठा सुस्कारा. “तुमच्या बाजूला कोणी आहे का जरा समजणारं?”

मी रागाने फोन स्पीकरवर टाकून भाईंच्या हातात दिला.

आयुष्यात माउस न धरलेल्या त्या माणसाने सूत्रं हाती घेतली. “चेपून धर. आता उजवं बटण. चेप! सोडू नको!” ओरडून माझ्याकडून पाथ कॉपी करवला, तक्रारीच्या चौकटीत पेस्ट करायला लावला. चौकटीने लाल अक्षरांत नकार दिला. भाई स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. “दोन्ही टोकांना या टिकल्या कसल्या?” अवतरणचिन्हं. कॉपी होताना तीही सोबत येतात. “काढ.” काढली. चौकटीने निमूट घेतलं.

“थँक यू सर,” फोनमधला आवाज लोण्यासारखा झाला होता. “सर होते म्हणून पटकन झालं.”

“त्या म्युटेशनाचं काय ते पण बघ,” भाईंनी फर्मावलं. त्यावर पोरगा म्हणाला की नाव बदलायचं तर नवीन प्रोफाइल करून सगळं तिकडे हलवावं लागेल. “चाललंय ना, सर? मग राहू दे.” भाईंनी कर्ज फिटल्याचा दाखला घडी करून खिशात घातला, मिरच्यांची पिशवी उचलली आणि हे बरोबर नव्हे, असं पिग्मीवाल्याला सांगत बाहेर पडले.

संध्याकाळी फाइल आली. परवाच्या तारखेची. कालची सगळी वसुली पुन्हा भरायची. पाठोपाठ तक्रार मिटल्याचा मेल. सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. मायन्यात फोंड्याला गेलेल्या गृहस्थांचं नाव. तारे त्यांच्याकडूनच घ्या म्हणावं.