'फ्लफर'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लंडनच्या भुयारी रेल्वेचे बोगदे झाडणाऱ्या बायका आणि प्रौढ चित्रपटांच्या सेटवरचं एक पद, असे 'फ्लफर' या शब्दाचे दोन अर्थ सांगणाऱ्या माझ्या टिपणाखाली तुम्ही लिहिलंय : "गोव्याची बदनामी आधीच काय कमी आहे? वाचक वाढवायला काहीही लिहिणार का? लंडनमध्ये रात्री बोगदे झाडणाऱ्या बायकांना या घाणीत ओढताना लाज नाही वाटली?" शिवाय तिसऱ्या रुळाबद्दलची चूक दाखवलीत आणि संदर्भ मागितलेत.

चूक मान्य. लंडनच्या भुयारी रेल्वेत गाडीच्या चाकांचे दोन रूळ सोडून विजेचे आणखी दोन असतात, एक बाहेरच्या बाजूला आणि एक मधोमध. मी एकच लिहिला होता. दुरुस्त केलंय.

पण 'लाज' हा शब्द वापरायची गरज नव्हती. मतभेद त्याशिवायही सांगता येतो. गोव्यात शूटिंगला येणाऱ्या युनिटांबरोबर मी अठरा वर्षं ध्वनीचं काम करतोय. सेटवरचा कुठला शब्द कोणासमोर उच्चारायचा, हे मला शिकवायला नको.

त्या बायकांचंच घ्या, कारण तुमचा खरा राग तिथेच आहे. 'फ्लफ' म्हणजे कापसासारखी लव, धुळीचा पुंजका. आपल्याकडे कापूस पिंजतो तो पिंजारी, तसा तिकडे फ्लफ काढणारा तो फ्लफर. साडेतीन मीटरच्या आसपास व्यासाच्या बोगद्यातून गाडी जाते तेव्हा दट्ट्यासारखी पुढची हवा ढकलते. तिच्याबरोबर प्रवाशांचे केस, कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण, ब्रेकची लोखंडी पूड असं सगळं उडतं आणि केबलींवर, विजेच्या रुळाखालच्या चिनीमातीच्या आधारांवर जाऊन बसतं. या थराला ठिणगी लागली की तो पेटतो. म्हणून शेवटची गाडी गेल्यावर वीज बंद करायची, ती बंद असल्याची खात्री करून घ्यायची, मगच ब्रश, खरवडणी आणि पिशव्या घेऊन खाली उतरायचं. हातात जेमतेम चार तास. वर येताना माणसं आणि हत्यारं दोन्ही मोजायची, कारण रुळावर राहिलेली एक खरवडणी वीज सुरू होताच शॉर्ट करते. १९८७ साली किंग्ज क्रॉस स्टेशनात ३१ माणसं गेली, तेव्हा आग लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेल्या ग्रीस आणि कचऱ्यात लागली होती. साचलेला कचरा काय करतो, हे तिथे दिसलं.

या बायकांना फ्लफर म्हणायची पद्धत प्रौढ चित्रपटांच्या धंद्यात हा शब्द आला त्याच्या आधीची. मग कोणी कोणाला ओढलं? त्यांचा अर्थ जुना, त्या धंद्यातला नंतरचा. आपण लाजून गप्प बसलो तर शब्दाचा तेवढा एकच अर्थ शिल्लक राहील, आणि माझ्या मते खरा अपमान तो.

आता तो दुसरा अर्थ. दिवे हलवताना किंवा कॅमेऱ्याची जागा बदलताना अर्धा-पाऊण तास जातो. त्या वेळात पुरुष कलाकाराची उत्तेजना टिकवायला ठेवलेला माणूस, तो फ्लफर. हे पद बहुतांशी दंतकथाच आहे, आणि ते मी टिपणात लिहिलंही होतं. अमेरिकेत कलाकारांच्या लैंगिक आजारांच्या चाचण्या साधारण दर १४ दिवसांनी होतात. शरीरसंपर्कात येणारा प्रत्येक जादा माणूस म्हणजे आणखी एक चाचणी, आणखी एक रोजंदारी, आणखी एक धोका. निर्माता तो खर्च कशाला करेल? त्यात १९९८ साली सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) हे ताठरतेचं औषध बाजारात आलं. गोळी साधारण तासाभरात लागू पडते, तेलकट-तुपकट जेवणावर घेतली तर उशिरा. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब जीव जाईल इतका खाली येतो. आणि ताठरता चार तासांवर टिकली तर थेट इस्पितळ गाठायचं, शरमेपायी घरी बसलात तर कायमची इजा होते. एवढं मराठीत स्पष्ट लिहिणं मला घाण वाटत नाही.

गोव्याच्या बदनामीबद्दल : टिपणात गोव्याचं नाव माइकच्या संदर्भात आलंय, बाकी कुठेही नाही. संदर्भ मागण्याच्या सुरावर बोलत नाही.

माइकचं मात्र पुन्हा सांगतो, कारण नवी मुलं इथेच अडखळतात. बूम माइकवरच्या (लांब दांडीला लावलेल्या माइकवरच्या) केसाळ कव्हराला 'फ्लफी' म्हणायचं. 'फ्लफर' म्हणू नका, बाहेरचं युनिट दचकून बघतं. मोरजी-आश्व्याच्या किनाऱ्यावर दुपारनंतर वारा सुटला की त्याच्याशिवाय आवाज घेणं शक्य नाही. खाऱ्या तुषारांनी त्याचे केस चिकटले की वारा अडत नाही आणि आवाजही बोदा येतो. माइकवरून काढून गोड्या पाण्यात खळबळायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं आणि मोठ्या दातांच्या फणीने मुळापासून विंचरायचं.