बंद पडलेली वेबसाइट उचला आणि कमवा? अजिबात नको

भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय आणि खाली विचारलंय, "मामा, करू का हे?" तो खरंच पैसे घालेल म्हणून लगेच लिहितोय. फॉरवर्ड असा: मालकाने सोडलेली फेमस वेबसाइट म्हणजे बेवारस माल, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, एक्सपायर झालं की स्वस्तात घ्या, जुने लेख परत चढवा, जुन्याच नावाने चालवा, जाहिरातींचे पैसे सुरू. यात कुणाचं नुकसान नाही कारण इंटरनेटवरचं काही नष्ट होतच नाही.

एक्सपायर झालेलं डोमेन घेणं सहसा कायदेशीर असतं, एवढं मान्य करावं लागतं. पण नाव घेतलं म्हणून आतले लेख तुमचे कसे झाले? आपल्याकडे लेखकाचा कॉपीराइट तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, मालकाने डोमेनचे पैसे भरले नाहीत म्हणून तो संपत नाही.

आणि "जुन्याच नावाने चालवा" हे तर सगळ्यात भयंकर. टीयूएडब्ल्यू नावाची ॲपलच्या बातम्या देणारी अमेरिकन साइट होती, २०१५ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये नव्या मालकाने ती पुन्हा सुरू केली, लेख एआयने तयार केलेले आणि त्यावर नावं कुणाची, तर तिथे पूर्वी खरोखर काम केलेल्या पत्रकारांची, सोबत फोटो भलत्याच माणसांचे! ज्यांनी कित्येक वर्षांत तिथे एक ओळ लिहिली नाही त्यांच्या नावावर हा कचरा खपवला जात होता. त्या लोकांनी आयुष्यभर कमावलेलं नाव आहे ते, आणि म्हणे कुणाचं नुकसान नाही.

नुकसान वाचकांचंही होतं. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ च्या फेब्रुवारीत एका चिनी कंपनीकडे गेलं, लाखभर साइट आपली पानं चालवायला तिथून तयार कोड उचलत होत्या, जूनपर्यंत त्यातूनच त्या साइटवर येणाऱ्या लोकांना सट्ट्याच्या साइटवर ढकललं जात असल्याचं उघड झालं. शिवाय डोमेन ज्याच्या हातात, त्याला त्या पत्त्यावर येणारे मेल मिळू शकतात, पासवर्ड बदलायच्या लिंकसकट.

नष्ट होत नाही म्हणे! प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दाखवलंय की २०१३ मधल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. लोकांना फुकट वेबसाइट बनवू देणारं जिओसिटीज याहूने २००९ मध्ये बंद केलं तेव्हा आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं, म्हणून आज त्यातलं थोडंफार दिसतं.

साइट बंद करायचीच असेल तर मालकाने आधी सांगावं, लोकांना आपलं लिखाण उतरवून घ्यायला काही महिने द्यावेत, एक प्रत जुन्या वेबसाइट जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये जाऊ द्यावी आणि डोमेन स्वतःकडेच ठेवावं, नाहीतर जे लोक ती साइट सांभाळत होते त्यांच्या हाती द्यावं. आणि बाळा, तुला एखादी जुनी साइट खरंच जगवायची असेल तर आधी मालकाला विचार, लेखकांची परवानगी लेखी घे. नाही मिळाली तर नवं नाव घे आणि स्वतःचं लिही, पहिल्या वर्षाचे डोमेनचे पैसे मी देतो.