फोटोला आवाज नसतो

केनियातल्या मसाई माराहून येऊन तीन आठवडे झाले. सिंह, जिराफांचे फोटो पहिल्याच रात्री नावानिशी लावून झाले. त्यात ओळखायचं काय? घोडं अडलंय पक्ष्यांपाशी. तिथे आमचा गाईड गाडी चालवता चालवता धडाधड नावं सांगत होता. मी वही काढली तर ही म्हणाली, "अहो, लिहीत काय बसलाय, फोटो काढा. घरी जाऊन बघू निवांत."

आता बघतोय. निवांत.

लायलॅक-ब्रेस्टेड रोलर लगेच सापडला. आपल्या नीलपंखाचा चुलतभाऊ. जांभळी छाती काढून नवरदेवासारखा शेंड्यावर बसतो. पण असे समजूतदार पक्षी थोडे. साळुंकीच्या भावकीतले ते दोघे घ्या, सुपर्ब स्टार्लिंग आणि हिल्डब्रँट्स स्टार्लिंग. दोघांची पाठ चकचकीत निळी, पोट विटकरी. सुपर्बचा डोळा पांढरट आणि छातीवर पांढरी पट्टी. दुसऱ्याचा डोळा लालसर, पट्टी नाही. एवढं सोपं! माझ्याकडे यांचे अकरा फोटो आहेत. अकराही पाठमोरे.

सुगरणींच्या माद्यांबद्दल मी बोलणारच नाही. सगळ्या चिमण्या दिसतात.

खरा घात केला सिस्टिकोलांनी. चिमणीहून लहान, मातकट, पाठीवर रेघोट्या. जाती पन्नासच्या आसपास, बहुतेक सगळ्या आफ्रिकेत, आणि रूप एकमेकींवर बेतलेलं. म्हणून नावं ठेवलीत आवाजावरून: रॅटलिंग, ट्रिलिंग, क्रोकिंग, चॅटरिंग, वेलिंग. म्हणजे कुणी खुळखुळतं, कुणी बेडकासारखं डरावतं, कुणी गळा काढतं. आणि मी आणलेत फोटो! मागच्या जन्मी मुके होते की काय, असे चोच मिटून बसलेत. ह्युबर्ट लाइन्स नावाच्या ब्रिटिश रिअर अ‍ॅडमिरलने १९३० साली या पिटुकल्यांवर भलामोठा अभ्यास छापला. आरमार सांभाळलेला माणूस, त्याला जमलं. मी सोसायटीची पार्किंग कमिटी सांभाळतो. यातली झिटिंग सिस्टिकोला आपल्या माळरानांवरही असते म्हणे. तीही मी कधी ओळखलेली नाही.

काल शेवटी उरलेले चारशे फोटो एका फोल्डरात कोंबले आणि नाव दिलं 'न्देगे'. स्वाहिलीत पक्ष्याला न्देगे म्हणतात. विमानालाही न्देगेच.

हिने पहिलाच फोटो उघडला. निळं आभाळ, मधोमध काळा ठिपका.

"अहो, हे विमान आहे ना?"

मी फोल्डरच्या नावावर बोट ठेवलं.